सतरा नंबरच्या खाटेमागची भिंत

बाईंनी चाळीस वर्षं डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना शरीररचना शिकवली. हाडं, स्नायू, नसा, आणि ती सगळी एकमेकांना धरून कशी राहतात, ते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुणाचा हात हातात आला की त्यांची बोटं आपोआप मनगटाकडे सरकत. घरात आता एकच विद्यार्थिनी उरली होती, नऊ वर्षांची नात. त्या दिवशी तिला नाडी मोजायला शिकवणं चाललं होतं.

"पंधरा सेकंदांत एकोणीस. एकोणीस चोक शहात्तर. झालं!" नात म्हणाली.

"नाही झालं. पूर्ण मिनिट मोज."

"पण आजी, उत्तर तेच येतं ना?"

"बहुतेक वेळा तेच येतं. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी माणूस आजारी असतो."

नातीने डोळे फिरवले आणि पुन्हा मोजायला बसली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. सूनबाईने सही करून जाड पाकीट घेतलं. पाकिटावर कोर्टाचा शिक्का होता. मुलाने ते उभ्याउभ्याच फोडलं, वाचलं आणि म्हणाला, "आई, तुला कोर्टाने निरीक्षक नेमलंय."

"कसली निरीक्षक?" नातीने विचारलं.

बाईंनी तिला जवळ बसवलं. कुठलीही गोष्ट लहान मुलाला समजावून सांगता आली तरच ती आपल्याला समजली, असं त्या मानत. "डॉक्टर तयार करणारी कॉलेजं असतात ना, ती नीट आहेत का, ते बघायला एक परिषद असते. परिषदेची माणसं जातात, खाटा किती, शिक्षक किती, रोगी किती, ते मोजतात आणि मग मान्यता देतात."

"मग कोर्ट मध्येच कशाला?"

"मोजणारे नीट मोजत नाहीत, अशी तक्रार आहे. म्हणून कोर्ट म्हणालं, मोजणाऱ्यांवर नजर ठेवायला आमचं एक माणूस पाठवू."

"म्हणजे ते कॉलेज बघणार आणि तू त्यांना बघणार," नात म्हणाली. "आणि तुला कोण बघणार?"

सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. तो आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून उभा होता. तिथे लिहिलं होतं, निरीक्षकाने फक्त पाहावे आणि आपला अहवाल बंद पाकिटात सादर करावा. प्रश्न विचारू नये, सूचना करू नये, कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करू नये. तसे केल्यास अहवाल विचारात घेतला जाणार नाही.

दोन दिवसांनी बाई ओळखपत्र घ्यायला कोर्टात गेल्या. तिथला कारकून मोठा अदबशीर माणूस. टेबलावर लाखेची कांडी, मेणबत्ती, शिक्का, सगळं देव्हाऱ्यासारखं मांडून ठेवलेलं. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. तुमच्या आधी एक निवृत्त सर्जन होते. देवमाणूस. सगळं टिपलं त्यांनी, पण निघताना एका विद्यार्थ्याला विचारलं, 'बाळ, इथे शिकवायला येतं का रे कुणी?' एवढंच. कॉलेजच्या वकिलांनी तो प्रश्न कोर्टापुढे ठेवला. सहा महिन्यांचं काम पाण्यात."

"मी तोंड उघडणार नाही."

"शिक्षकाला अवघड जातं हो," कारकून हसून म्हणाला. "तपासणीची तारीख न्यायमूर्ती स्वतः लिहितात, मी सील करतो, पाकीट कोर्टातच राहतं, आणि त्या दिवशी पहाटे न्यायमूर्तींचा निरोप आला की परिषदेचे प्रमुख ते फोडतात. तोवर कुणाला कळत नाही. तुम्हालाही पहाटेच फोन येईल."

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, दुकानातून उठून आल्यासारखी. तो शिंपी, ज्याच्या अर्जावर हा सगळा खटला उभा होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको, ज्या कॉलेजची तपासणी व्हायची होती त्याच्याच रुग्णालयात बाळंतपणाला गेली, ती परत आली नाही.

"कागदावर चाळीस डॉक्टर होते, ताई," तो बाईंना म्हणाला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही आला नाही. नंतर कळलं, महिनाभर आधीच परिषदेच्या तपासणीत कॉलेजला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते." त्याने मोजपट्टी गुंडाळली, पुन्हा सोडली. "तुम्ही बघा. नीट बघा. मला दुसरं काही नको."

बाईंनी मान हलवली. बोलल्या काहीच नाहीत. सराव तेव्हापासूनच सुरू झाला म्हणायचा.

फोन एका गुरुवारी पहाटे आला. आठ वाजता परिषदेची गाडी दारात उभी राहिली, आणि आतून पथकाचा प्रमुख उतरला तो बाईंचाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याला 'चौपट' म्हणायचे. पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणायची त्याची सवय, आणि बाई दरवेळी त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायच्या. आता डोक्यावर टक्कल होतं, पोट सुटलं होतं, पण वाकून नमस्कार केला तो जुन्याच घाईने.

"बाई! आज माझी तोंडी परीक्षा का?"

बाई नुसत्या हसल्या.

"अरे हो, तुम्हाला बोलायची बंदी." गाडीत बसल्यावर तोच बोलत राहिला. "चाळीस वर्षं आम्हाला गप्प बसवलंत, आज कोर्टाने तुम्हाला बसवलं. घोर कलियुग! पण खरं सांगू का बाई, तुम्हाला वाटतं आम्ही डोळ्यांवर कातडं ओढून जातो. तसं नाही. आमच्याकडे फॉर्म असतो. फॉर्म जे विचारतो ते आम्ही लिहितो. बाकीचं विचारायला आम्ही कोण?"

बाईंनी वही उघडली, वेळ लिहिली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

कॉलेजच्या फाटकाशीच रंगाचा वास आला. उग्र, ओला. अचानक तपासणी होती, पहाटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, आणि तरी पायऱ्यांच्या कडेला लावलेल्या कुंड्यांखाली पाण्याचे डाग अजून वाळले नव्हते. दारात कॉलेजचे वकील उभे होते. शिडशिडीत, हसरे, आवाज लोण्यासारखा मऊ. त्यांच्यासोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस. आदेशाप्रमाणे सगळ्याचं चित्रण व्हायचं होतं.

"आपल्यासारख्या ज्येष्ठ व्यक्ती आल्या, आनंद आहे," वकील बाईंना म्हणाले. "आज कॅमेरा आपल्यावरही राहील. गैरसमज नसावा."

नातीच्या प्रश्नाचं उत्तर बाईंना मिळालं.

तासभर खोल्या पाहून झाल्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांची हजेरी. शिक्षक ओळीने बसले होते. त्यातल्या एकाला चौपटने विषय विचारला, तर त्याने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं. बाईंनी लिहिलं. चौपटने 'उपस्थित' अशी खूण केली आणि पुढे सरकला.

मग वॉर्ड आला. दोन रांगांत तीस खाटा, तीसच्या तीस भरलेल्या. पांढऱ्या चादरी हनुवटीपर्यंत ओढलेल्या. प्रत्येक खाटेमागे भिंतीत ऑक्सिजनचं पितळी तोंड बसवलेलं, नवंकोरं, चकचकीत.

बाई दारातच थांबल्या. काहीतरी चुकत होतं, आणि ते काय, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. वॉर्ड गप्प होता. तीस आजारी माणसं एका खोलीत असली की कुणी कण्हतं, कुणी पाणी मागतं, कुणाची म्हातारी आई खाटेच्या पायथ्याशी डुलक्या घेत असते. रोग्याच्या खाटेखाली एक छोटा संसार असतो. पिशवी, डबा, बाटली, फाटकी चप्पल. इथे तीस खाटांखाली नुसती पुसलेली फरशी होती. माणसं छताकडे डोळे लावून पडली होती आणि कॅमेरा वळला की डोळे मिटून घेत होती.

"खाटा तीस. रोगी तीस. ऑक्सिजनची तोंडं," चौपट बोटाने मोजत गेला, "तीस."

बाई तक्त्यांकडे वळल्या. खाटेला अडकवलेल्या कागदावर ताप, नाडी, श्वास. पहिल्या खाटेवर श्वास मिनिटाला अठरा. दुसऱ्या खाटेवर अठरा. दहाव्या खाटेवरही अठरा. तीन दिवसांच्या नोंदी, एकाच शाईत, एकाच हाताने केलेल्या. आणि शेवटची नोंद होती आजच्या संध्याकाळी सहाची. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांनी ते लिहून घेतलं. शिंप्याला हवं होतं ते सगळं या दोन ओळींत होतं. अजून न आलेल्या संध्याकाळी तीस माणसं ठणठणीत होती. आता फक्त गप्प राहून दारापर्यंत पोचायचं होतं.

आणि त्या सतराव्या खाटेपाशी आल्या.

खाटेवर चाळिशीचा माणूस होता. नखांच्या कडांना रंगाचे पांढरे कण. इतरांसारखाच उताणा, चादर हनुवटीपर्यंत. पण त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याजवळच्या हाडावरची त्वचा खोल आत ओढली जात होती. ओठांचा रंग पिकलेल्या जांभळाकडे झुकलेला. हे नाटक नव्हतं. गळ्याचे ते स्नायू असे ओढून दाखवायला बाईंच्या एकाही विद्यार्थ्याला कधी जमलं नव्हतं.

बघायला मनाई नव्हती. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचे श्वास मोजू लागल्या. पथक पुढे गेलं. वीस सेकंद. तीस. कॅमेरा त्यांच्याकडे वळला. पूर्ण मिनिट झालं तेव्हा आकडा शेहेचाळीस होता. तक्त्यावर अठरा.

खाटेशी नर्स उभी होती. वयाने लहान, हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माणसाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"त्याला सांगितलंय ना," नर्स पुटपुटली, ओठ जेमतेम हलवून. "उठायचं नाही म्हणून सांगितलंय सगळ्यांना. पथक जाईपर्यंत सरळ झोपून राहायचं."

ज्याला श्वास पुरत नाही तो माणूस बसतो. झोपेतसुद्धा उठून बसतो, कुणी शिकवावं लागत नाही. याला मात्र कुणीतरी सरळ झोपायला सांगितलं होतं, आणि दिवसाचं काम हातचं जाऊ नये म्हणून तो झोपला होता. त्याचे डोळे बाईंच्या डोळ्यांना भिडले. त्यात तक्रार नव्हती. बरोबर करतोय ना मी, असं विचारणारे ते डोळे होते.

"काही हवंय का मॅडम?" वकील शेजारी येऊन उभे होते. आवाज तसाच मऊ. "आपल्याला काही बोलायचं असेल तर अवश्य बोला. आमची काहीच हरकत नाही."

चौपट परत आला. त्याने खाटेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. आजारी माणूस ओळखण्याइतका डॉक्टर तो होताच. "बाई," तो हळूच म्हणाला, "चला पुढे. आपण गेलो की ते बघतील त्याला. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तुमचा आदेश आठवा."

आदेश बाईंना पाठ होता. गळ्यात मोजपट्टी घातलेला शिंपीही आठवत होता. त्याची चार वर्षं या वहीत होती. आणि समोरच्या माणसाजवळ अर्धा तास नव्हता.

"बसवा त्याला," बाई म्हणाल्या.

वॉर्डातल्या बाकी एकोणतीस जणांनी माना वळवल्या. वकिलांनी कॅमेऱ्याच्या माणसाला नुसती मान हलवून दाखवली, आणि त्याने कॅमेरा खाली घेतला. वकिलांना हवं ते मिळालं होतं.

नर्सने आणि बाईंनी मिळून त्या माणसाला पाठीशी उशा देऊन बसवलं. "ऑक्सिजन लाव," बाई म्हणाल्या. नर्स हलली नाही. "अगं लाव ना!"

"बाई, त्यात काही नाहीये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाईंनी स्वतः हात घातला. पितळी तोंडाची चावी फिरवली. फुस्सदेखील झालं नाही. जरा जोर दिला, तर ते तोंड दोन स्क्रूंसकट त्यांच्या हातात आलं. मागे नळी नव्हती. भोक नव्हतं. ताजा गिलावा होता, त्यावर ताजा रंग.

"मीच... रंगवली," तो माणूस धापा टाकत म्हणाला, जणू कामात खोट निघाली म्हणून माफी मागत होता. "परवा... ही भिंत."

रुग्णवाहिका 'एक, उपलब्ध' अशी फॉर्मवर होती. ती मागच्या अंगणात होतीही, चाकांखाली विटा ठेवून. शेवटी परिषदेच्याच गाडीतून त्या रंगाऱ्याला दुसऱ्या रुग्णालयात नेलं. बाई मागे त्याच्याजवळ बसल्या, पाठीला हात लावून, त्याला बसतं ठेवून. चौपट पुढे बसला होता. मांडीवर फॉर्म होता.

"काय लिहिणार आहेस?" बाईंनी विचारलं. आता गप्प राहण्यात काही अर्थ उरला नव्हता.

त्याने फॉर्मचा कोपरा दुमडला आणि म्हणाला, "बाई, रकाना 'आहे की नाही' एवढंच विचारतो. 'चालतं का' असा रकानाच नाही."

"मी तुला पूर्ण मिनिट मोजायला शिकवलं होतं रे."

"शिकवलंत," चौपट म्हणाला. "पण मिनिटाला वेळ लागतो, बाई."

रंगारी वाचला. छातीत साचलेली धूळ, त्यावर जंतुसंसर्ग. अजून अर्धा तास उताणा पडला असता तर गेला असता, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

अहवाल मात्र गेला. कोर्टात कॉलेजच्या वकिलांनी चित्रण दाखवलं. बाई खाटेशी थांबतात, घड्याळ बघतात, म्हणतात, "बसवा त्याला." त्यापुढे पडदा काळा. बॅटरी संपली होती म्हणे.

"आपण हे बोललात?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"बोलले."

"आदेश वाचला होता?"

"पाठ होता."

बाईंनी भिंतीचं सांगायला तोंड उघडलं, पण वकील आधीच उभे राहिले होते. आदेश मोडलेल्या निरीक्षकाचं म्हणणं विचारात घेता येत नाही, ते म्हणाले, आणि न्यायमूर्तींच्या समोरच्या आदेशात तसंच होतं. न्यायमूर्ती बाईंकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग बंद पाकीट, बंदच, बाईंना परत देण्यात आलं. पुन्हा अचानक तपासणी होईल, तारीख सीलबंद पाकिटात, निरीक्षक दुसरा, तोवर मान्यता चालू. नवी दीडशे मुलं त्याच महिन्यात प्रवेश घेऊन बसली.

व्हरांड्यात शिंपी उभा होता. बाईंना वाटलं होतं, तो तोंड फिरवेल. त्याचा तो हक्क होता.

"तो माणूस?" त्याने विचारलं.

"वाचला."

शिंप्याने मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली. "त्या दिवशी एखादं माणूस तिथे बोललं असतं तर..." वाक्य अर्धंच राहिलं. मोजपट्टी पुन्हा गळ्यात टाकत तो म्हणाला, "भूक लागली असेल ताई. चहा तरी घ्या."

तीन आठवडे गेले. एका शनिवारी सकाळी दार वाजलं. नातीने उघडलं, तर समोर रंगारी. गालांवर जरा मांस चढलेलं, हातात पिशवी. बाईंच्या पायांना हात लावायला वाकला, तर बाईंनी त्याचं मनगट पकडलं आणि मोजू लागल्या.

"अहो बाई, बरा आहे मी!"

"बोलू नका. पूर्ण मिनिट," नातीने त्याला दटावलं.

शहाऐंशी भरली. चहा आला. रंगारी खुर्चीच्या टोकावर बसून मोकळेपणाने बोलू लागला. "काम मिळतंय. त्याच कॉलेजात पुन्हा रंगाचं काम काढलंय. भिंतीत या वेळी नळी घातलीय, बरं का! छतापर्यंत नेलीय. वर खोटं छत आहे ना, तिथे सोडून दिलीय. वाकून कोण बघतंय?" तो हसला. "आणि मंगळवारी पुन्हा खाटेवर बोलावलंय. सकाळी सातला बस येणार. मी म्हटलं, बाबा, सतरा नंबर नको, तो मेला अपशकुनी. तर मुकादमाने तीन नंबर दिला."

बाईंनी कप बशीत ठेवला.

"मंगळवारी? कुणी सांगितलं मंगळवार?"

"मुकादमाने. गुरुवारीच सांगितलं. का हो?"

नात कोपऱ्यात बसून ऐकत होती. "आजी," ती म्हणाली, "तारीख तर कोर्टाच्या पाकिटात आहे ना? मग काकांना कशी माहीत?"

रंगाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"तू विचारलं होतंस ना, मला कोण बघणार," बाई नातीला म्हणाल्या. "आता हे बघ. मी निरीक्षक राहिले नाही. म्हणजे मला बोलायची बंदीही राहिली नाही."

त्यांनी कागद घेतला. रंगाऱ्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. मंगळवार, सात वाजता, खाट तीन नंबर, छतात सोडलेली नळी. वर आजची तारीख, वेळ. सही करायला पेन पुढे केलं, तेव्हा तो थांबला.

"काम जाईल हो बाई."

"जाईल," बाई म्हणाल्या. खोटं बोलून त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

तो कितीतरी वेळ स्वतःच्या नखांकडे बघत राहिला. मग सही केली, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत.

सोमवारी सकाळी दहालाच बाई कोर्टात पोचल्या. सोबत रंगारी, आणि फाटकाशी वाट बघत उभा असलेला शिंपी. शिंप्याच्या वकिलांनी अकराला न्यायमूर्तींसमोर उभं राहायची परवानगी मागून ठेवली होती. करायचं होतं ते सोपं होतं. बाईंनी पाकिटात घातलेला तो कागद आणि तारखेचं पाकीट, दोन्ही भर कोर्टात एकदम उघडायची. दोन्हींत एकच दिवस निघाला तर आणखी काही सिद्ध करायची गरज नव्हती.

कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला. "या मॅडम, या! बसा. काही द्यायचंय का? माझ्याकडे द्या, आत नेऊन ठेवतो."

त्याने हात पुढे केला. बाईंचा हातही पर्समधल्या पाकिटाकडे गेला होता. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर पडली. लाखेची कांडी, मेणबत्ती, शिक्का. न्यायमूर्ती लिहितात, मी सील करतो, प्रमुख पहाटे फोडतात. तारीख तीन हातांतून जात होती. त्यातला एक हात आता त्यांच्यासमोर पसरलेला होता.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "अकरालाच देईन. समक्ष."

"जशी इच्छा. पाकीट त्या कॉलेजबद्दलच ना?"

"मी पाकीट म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या.

कारकून हसला. अगदी पहिल्यासारखाच, अदबीने. मग फोन घेऊन खिडकीपाशी गेला आणि पाठ वळवून उभा राहिला.

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. एका बाजूला शिंपी, मध्ये रंगारी. व्हरांडा वाहता होता, काळे कोट, फायली, चहाचे पेले. साडेदहा झाले. अकराला दोन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली आणि कॉलेजचे वकील वर आले. आज त्यांचा खटला नव्हता, फलकावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांना किंचित धाप लागली होती, पण हसू जागच्या जागी होतं.

"नमस्कार मॅडम." मग नजर रंगाऱ्यावर आली. "अरे, तू? आज कामावर नाही? मुकादम शोधतोय तुला." आवाज लोण्यासारखाच. "घरी ठीक आहे ना सगळं? मुलगी शाळेत जाते ना अजून, त्या पुलाजवळच्या?"

रंगारी उठू लागला. उठता उठता अर्ध्यावर थांबला, कारण बाईंनी त्याचं मनगट धरलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला. बाईंनी दुसऱ्या हाताचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं. बोटांखाली नाडी पाखरासारखी फडफडत होती. वकील समोर उभेच राहिले, घाई नसल्यासारखे. शिंपी उठला नि वकील आणि रंगारी यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, गळ्यात मोजपट्टी तशीच. कारकुनाच्या खोलीचं दार फटीएवढं उघडं होतं.

पंधरा सेकंद झाले. तीस झाले. आतून घंटा वाजली आणि शिपायाने मोठ्या दाराचे दोन्ही पल्ले ढकलले. सगळा व्हरांडा उभा राहिला. "चला ताई," शिंपी मागे न बघता म्हणाला.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या, आणि मिनिट पुरं होईपर्यंत त्यांनी मोजलं.

"एकशे बत्तीस," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. "घाबरलात, एवढंच आहे. आजारी नाही आहात. चला आता. आत उभं राहवलं नाही तर तसं सांगा, बसून बोलता येतं."

त्या उठल्या, पण त्याचं मनगट सोडलं नाही.